पणजीचं पांढरं लुगडं

मामाचं आग्रीपाड्यातलं घर रिडेव्हलपमेंटला गेलं तेव्हा सामान आवरायला मी चार दिवस जात होते. माळ्यावरून एक बिस्किटांचा मोठा चौकोनी डबा निघाला, झाकण गंजून असं बसलेलं की मामाने शेवटी चमच्याच्या दांडीने उचकटलं. आत साठ-पासष्ट फोटो, दोन केतुबा (आमच्याकडचे लग्नाचे करारपत्र), एक रेल्वेचा पास आणि मेलेली झुरळं. मामा म्हणाला, "घेऊन जा बाय, माझ्याकडे नवीन घरात कपाट पण नाय." असा माझा हा नाद सुरू झाला आणि गेलं दीड वर्ष घरातले सगळे माझ्यावर वैतागलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आम्ही बेने इस्रायल. मुंबईतले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वज कोकणात नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले अशी आमची कथा आहे, पुढे रायगडच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर. आमचं सांगत नाही पण शेवटी कर आहे एवढं कळलंच असेल. वंशावळ शोधणाऱ्याला याचा फायदा असा की निदान कुठल्या गावात जाऊन विचारायचं ते आडनावातच लिहिलेलं असतं, आणि तोटा असा की एकाच गावचे सगळेच तेच आडनाव लावतात, त्यामुळे नातं असेलच असं नाही.

तर फोटो. त्यातला एक सगळ्यात मोठा, जाड करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली उजव्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव दाबून उठवलेलं पण ते नाव अर्धं तुटलंय, फक्त "काळबादेवी रोड, बॉम्बे" एवढं वाचता येतं. फोटोत खुर्चीवर एक बाई, पांढरं नऊवारी लुगडं. तिच्या बाजूला फेटा बांधलेला माणूस, कोटावर तीन मेडलं. पुढे दोन मुलगे, एक नऊएक वर्षांचा, दुसरा सातचा असेल. मागे एक म्हातारा, दाढीवाला, तुर्की टोपी घातलेला, कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघतोय.

फॅमिली ग्रुपवर टाकला तर पाच मिनिटांत निकाल लागला. ही पणजी. पांढऱ्या लुगड्यात म्हणजे विधवा. मग बाजूचा माणूस नवरा कसा असेल, तो दीर, कारण नवरा गेल्यावर दिराने सांभाळलं ही गोष्ट आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. म्हातारा कोण ते कुणालाच माहीत नव्हतं तर आत्या म्हणाली स्टुडिओवाला असेल. स्टुडिओवाला स्वतःच्या फोटोत येऊन कशाला उभा राहील हे मी विचारलं तर तिने हसणारा इमोजी टाकला आणि विषय संपला. दुसऱ्या एका वहिनीने सुचवलं की किप्पुरचा, म्हणजे आमच्या मोठ्या उपासाचा दिवस असेल, किप्पुरला आपण पांढरंच नेसतो. बरोबर आहे, नेसतो, पण योम किप्पुरला उपाशीपोटी मशिदीतून उठून कोण काळबादेवीला फोटो काढायला जाईल!

(मशीद म्हणजे सिनेगॉगच. आमची जुनी माणसं मशीदच म्हणायची. सॅम्युअल स्ट्रीटवरची १७९६ सालची ती जुनी मशीद, नंतरची ती नवी मशीद.)

पण आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पणजी विधवाच का होती याला एक कारण होतं. मामाच्या घरात दारासमोर तिचा एक एन्लार्ज केलेला, हाताने रंगवलेला फोटो कायम होता. खांद्यापर्यंतच. पांढरा पदर, मोकळा गळा, गालाला थोडासा गुलाबी रंग. आम्ही लहानपणापासून तोच बघितला, त्यालाच नमस्कार केला. डब्यातला फोटो बघितल्या बघितल्या चेहरा ओळखला तो त्यामुळेच, आणि चेहऱ्याबरोबर पांढरं लुगडं आणि वैधव्य पण आपोआप आलं. मी पण तेच धरून चालले होते, खोटं कशाला सांगू.

शंका आली ती स्कॅन करताना. मी बाराशे डीपीआयला स्कॅन करते, फाईल अवाढव्य होते पण नंतर आत शिरता येतं. पणजीच्या हातांवर झूम केलं तर दोन्ही मनगटांत बांगड्या. काचेच्याच, कारण एकीवर खिडकीचा उजेड चमकलाय. मग गळ्याशी गेले. तिथे मण्यांची सर आणि मध्ये दोन काळपट ठिपके. मी आधी डाग समजले. डाग असा सारखा सारखा दोनदा, शेजारी शेजारी, वाटीएवढा कसा पडेल? मंगळसूत्र आमच्या बायका घालतातच, शेजारणींसारखंच, आणि नवरा गेला की ते आणि बांगड्या उतरवायच्या हे पण शेजारणींसारखंच. मग सोन्याच्या वाट्या काळ्या का आणि सवाष्णीचं लुगडं पांढरं का?

हे कळायला मला बरंच वाचावं लागलं, तुम्हाला फुकटात सांगते. फोटो काढायच्या जुन्या काचेच्या प्लेटांना सगळे रंग सारखे दिसायचे नाहीत. निळ्या उजेडाला त्या फार लवकर प्रतिसाद द्यायच्या, लाल-पिवळ्याला जवळजवळ नाहीच. त्यामुळे आकाशी किंवा निळं कापड फोटोत पांढरंफटक येतं आणि लाल कापड काळं. सोनं पिवळं म्हणून ते काळपट. सगळे रंग नीट पकडणाऱ्या प्लेटा १९०६ पासून बाजारात होत्या पण स्टुडिओवाले पुढे कितीतरी वर्षं जुन्याच वापरत होते, कारण त्या स्वस्त आणि लाल दिव्यात धुता येतात. म्हणजे पणजीचं लुगडं पांढरं असायची गरजच नाही. निळं असू शकतं. जुन्या फोटोत काळ्या लुगड्यातली नवरी दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक लाल लुगड्यात आहे.

हे मी ग्रुपवर लिहिलं. शांतता. मग मामेभावाच्या मुलीने फोटो कुठल्यातरी अॅपवर टाकून रंगीत करून पाठवला. अॅपने लुगडं क्रीम केलं, सगळ्यांचे चेहरे साबणाने धुतल्यासारखे गुळगुळीत केले आणि पणजीला चक्क हसवलं. त्या काळी स्टुडिओत जाऊन दात काढणारी एक बाई मला दाखवा! त्यावर मात्र एकेचाळीस लाइक आले. माझ्या मंगळसूत्राच्या शोधाला तीन. अॅपला निळं-पांढरं काय कळणार, त्याच्यापुढे जे फिक्कं ते फिक्कं. घरात गंमत म्हणून करा, पण मूळ फाईल वेगळी ठेवा आणि असले फोटो वंशावळीत लावू नका, दहा वर्षांनी कोणीतरी त्यालाच पुरावा म्हणेल.

बरं, तारीख. पुठ्ठ्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. छोटं कार्ड, साधारण अडीच बाय चार इंच, म्हणजे १८६० नंतरच्या काळातलं. त्याहून मोठं, सव्वाचार बाय साडेसहाचं कॅबिनेट कार्ड १८६६ नंतरचं. असा करडा, खडबडीत, नाव दाबून उठवलेला पुठ्ठा साधारण पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. आणि फोटो टॉर्चखाली तिरका धरला की काळ्या भागावर चंदेरी-निळसर तकाकी दिसते, ती जिलेटिनच्या कागदावर येते, एकोणिसाव्या शतकातल्या त्या पिवळट पडणाऱ्या, अंड्यातला पांढरा भाग लावलेल्या कागदावर नाही.

मेडलांनी अजून जवळ आणलं. पहिलं चार टोकांचं आहे, मध्ये दोन तलवारी एकमेकींवर. तो १९१४-१५ स्टार, पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश मेडल. तो मिळायला १९१५ संपायच्या आत लढाईच्या जागी पोचलेलं असावं लागायचं. दुसरी दोन गोल, युद्धानंतर वाटलेली. म्हणजे फोटो १९२० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. मेडलं आता नाहीत, कोणीतरी मोडून खाल्ली, नाहीतर काम सोपं होतं, कारण त्या स्टारच्या मागे माणसाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं ठोकलेलं असतं.

आता मागची बाजू, जी मी खरं तर सगळ्यात आधी बघायला हवी होती. पेन्सिलीची एक ओळ, मोडीत. मला मोडी येत नाही. आजोबांना यायची, पण आम्हाला शिकवावी असं त्यांना कधी वाटलं नाही आणि शिकावी असं आम्हाला नाही. दादरला मोडीचे वर्ग घेणारे एक सर आहेत, त्यांच्याकडे फोटो नेला. मोडीत आधी वरची रेघ सलग मारतात आणि त्याखाली अक्षरं, शब्द कुठे तुटतो ते आपण ठरवायचं. सर भिंग लावून पुटपुटत होते, मी चहा पीत होते. ओळ निघाली ती अशी: शके १८४४, एडनहून आलियावर सर्व मंडळी, तीर्थरूप हंसाजी सहित.

शके अधिक ७८, म्हणजे १९२२-२३. मेडलांशी जुळलं. एडन तर मला उठून नाचावंसं वाटलं, कारण पणजोबा एडनला (आताच्या येमेनमधलं बंदर) मिलिटरी हॉस्पिटलात होते हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि दीर मुंबई सोडून कधी पनवेलपलीकडे गेले नाहीत हे पण माहीत आहे. १९१५ मध्ये तुर्कांचं सैन्य एडनजवळच्या लाहेजपर्यंत उतरलं होतं, तिथली नोकरी म्हणजे लढाईचीच नोकरी, तो स्टार तिथलाच. म्हणजे मेडलवाला माणूस दीर नव्हे, नवरा. पणजी सवाष्ण, नवरा परत आलाय, म्हणून सगळे नटून काळबादेवीला गेलेत.

पण हंसाजी कोण? तीर्थरूप म्हणजे वडीलधारा, म्हणजे मागचा म्हातारा. हे नाव आमच्याकडे कुणाचंच नाही. सर म्हणाले मराठा नाव वाटतंय, शेजारी-बिजारी असतील. मी तीन आठवडे त्या शेजाऱ्याच्या मागे होते. पणजोबांच्या वडलांचं नाव कागदावर यहेज्केल आहे, तेवढंच आम्हाला माहीत. मग एक दिवस सॅम्युअल स्ट्रीटला, ती जुनी मशीद ज्याने बांधली त्याच्याबद्दल कोणालातरी सांगत होते, की सॅम्युअल यहेज्केल दिवेकर, ज्यांना समाजी हसाजी दिवेकर म्हणायचे, आणि तोंडातून वाक्य बाहेर पडता पडता मी थांबले. समाजी म्हणजे सॅम्युअल. हसाजी म्हणजे यहेज्केल! बेने इस्रायल लोकांची घरात एक आणि मशिदीत एक अशी नावं असायची, एलिया तो एलोजी, आयझॅक तो इसाजी. सरांना फोन केला, सर तो अनुस्वार बघा ना परत. सर म्हणाले, ठिपका आहे खरा, पण तो पेन्सिलीचा नसून माशीचा पण असू शकतो.

माशीचाच होता. हसाजी. म्हणजे म्हातारा माझे खापरपणजोबा, तोंड वळवून उभे. घरात कोणाकडेच त्यांचा दुसरा फोटो नाही.

पणजोबांची कबर पण शोधून काढली, कारण नवरा १९२२ ला जिवंत होता हे दाखवलं तरी गेला कधी हे ग्रुपवर विचारणारच. दगडावर मराठी, हिब्रू, इंग्रजी तिन्ही, पण शिशाची बसवलेली अक्षरं असतात ना, ती गळून पडतात, तशी इंग्रजी तारीख पूर्ण गेलेली आणि मराठीत फक्त नाव. हिब्रूत साल आकड्यांनी नाही, अक्षरांनी लिहितात. ताव ४००, रेश २००, पे ८०, झायन ७. झाले ६८७. वरचे पाच हजार लिहीत नाहीत, ते धरून चालायचं. त्यात १२४० मिळवायचे, आलं १९२७. महिना सिवान, म्हणजे उन्हाळा संपता संपता, जूनच्या सुमारास. रोश हशाना (आमचं नवं वर्ष, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं) ते डिसेंबरमधली तारीख असली तर एक वर्ष वजा करायचं, हे विसरल्यामुळे माझी आधी दोन माणसं जन्मायच्या आधी मेली होती.

म्हणजे एडनहून आल्यावर चारपाच वर्षांतच गेले. दिराने सांभाळलं ती गोष्ट खरीच, पण ती या फोटोच्या पुढची. गोष्ट घसरून मागच्या फोटोवर येऊन बसली होती.

मग मी मामाच्या त्या रंगवलेल्या एन्लार्जमेंटकडे वळले. सध्या ती भाड्याच्या घरात कपाटाच्या मागे जुन्या चादरीत गुंडाळून होती. काच काढली. चेहरा अगदी तोच, मान त्याच कोनात, केसांची एक बट कपाळावर तशीच. तो वेगळा फोटो नव्हताच, डब्यातल्या फोटोतून फक्त पणजी मोठी करून घेतलेली. टॉर्च बाजूने मारला तर गळ्यापाशी ब्रशचे फटकारे दिसले, त्वचेच्या रंगाचे, जाड, आणि त्याच्या खालून बारीक मणी वर आलेले. मंगळसूत्र रंगाखाली होतं. पणजी गेली १९६१ ला, चौतीस वर्षं विधवा होती, तिच्या मागे हा करून घेतला, आणि कोणीतरी रंगवणाऱ्याला सांगितलं असणार की बाई विधवा होती, गळा मोकळा कर, आणि लुगडं फोटोत पांढरं दिसतंच आहे तर तसंच ठेव. नंतर आम्ही सगळे पन्नास-साठ वर्षं त्याच्याकडे बघून तिला ओळखायला शिकलो.

इस्रायलमध्ये डिमोनाला असलेल्या मावशीला, म्हणजे त्या सात वर्षांच्या मुलाच्या मुलीला, सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवलं. ती नव्वदीला टेकलीये, मायबोली हे तिकडचं मराठी नियतकालिक अजून अक्षर न् अक्षर वाचते. तिचा व्हॉइस मेसेज आला, मधे हिब्रू, मधे आमचं कोकणी वळणाचं मराठी. म्हणाली बाबा सांगायचे की फोटोच्या दिवशी त्यांनी मेडलाच्या ताऱ्याला हात लावला म्हणून आजोबांनी एक ठेवून दिली होती. बघा, मुलगा रडवेला आहेच फोटोत. मी इतके दिवस त्याला झोप आली असेल म्हणत होते. लुगड्याचा रंग विचारला तर म्हणाली, "मी कुठे होते गं तेव्हा?" हे पण बरोबर. निळं असेल ही माझी समजूत, फिक्कं पिवळं बहुतेक नव्हतं एवढंच फोटो सांगतो.

बाकीचे फोटो असेच हळूहळू चाललेत. एकावर स्टुडिओचा शिक्का कराचीचा, तिथे आमची बरीच मंडळी होती, ते कोणाच्यातरी सासरचे. एका शाळेच्या फोटोत पाटीवर इस्रायलाइट स्कूल वाचता येतं, म्हणजे १८७५ साली हाइम सॅम्युअल किहीमकरांनी काढलेली शाळा, सर एली कदुरींचं नाव लागायच्या आधीची. एकात महापौरांच्या शेजारी आजोबा खुर्चीत बसलेत, आणि महापौर डॉ. एलिजा मोझेस असतील तर १९३७-३८, त्यांच्याच नावाने वरळीचा ई. मोझेस रोड. एका फोटोवर मागे पत्ता मुंबई ११, पिनकोड नाही, म्हणजे १९७२ च्या आधीचा. आणि किमान दहा फोटोंवर आमच्या एका काकूने मागून बॉलपेनने नावं लिहिलीत, दाबून दाबून, ती पुढून लोकांच्या गालांवर उमटलीत. काकूचा हेतू चांगला होता, नावं पण बऱ्यापैकी बरोबर आहेत, पण कृपा करा, मऊ पेन्सिल वापरा आणि कडेला लिहा. चिकटपट्टी तर नकोच नको.

मागच्या महिन्यात नवीन घराचा ताबा मिळाला म्हणून मामाने मलिदा केला, म्हणजे आमच्याकडचा आभाराचा विधी. पोहे, गूळ, खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं गाणं म्हणून झालं. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडून सगळ्यांना दाखवलं, झूम करून, बांगड्या, वाट्या, ब्रशचे फटकारे. आत्या म्हणाली स्टुडिओवाला नव्हता तर, बरं. मी मामाला म्हटलं, आता तो रंगवलेला काढून ठेवू, हा मूळचा मोठा करून लावू, खरी पणजी हीच ना.

मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "मला चौदा वर्षं झाली तोवर ती होती. मी तिच्याच मांडीवर वाढलो. तिच्या गळ्यात मी कधी काय बघितलं नाय गं. ही कोण तरुण बाई तुझ्याकडे आहे ती मी ओळखतच नाय."

यावर मी काय बोलणार.

शेवटी दोन्ही लावायचे ठरले, रंगवलेला दारासमोर जुन्या जागी आणि डब्यातला, सगळ्या मंडळींसकट, आतल्या पॅसेजमध्ये. नवीन भिंती आरसीसीच्या, साधा खिळा जात नाही. ड्रिलवाला शनिवारी येतो म्हणाला होता, मामाने सांगितलं शब्बाथ आहे, रविवारी ये.